चाल कोणाची? सिंधुदुर्गातल्या एका गिटारवाल्याचं प्रकरण

हे प्रकरण एका ओळीवरून उभं राहिलं. गाणं प्रसिद्ध झालं तेव्हा गीत, संगीत आणि गायन या तिन्हींपुढे एकच नाव होतं. गिटारवाल्याचं नाव त्याखाली वादकांमध्ये, ढोलकी, बेस आणि ड्रमच्या रांगेत. बरेच महिने ती ओळ कोणी नीट वाचलीही नाही. मग गाणं चाललं, एका चित्रपटासाठी मागणी आली, कंपनीने करारनामा पाठवला आणि सहीसाठी फक्त गायकाला बोलावलं. त्या दिवशी ती ओळ सगळ्यांनी वाचली.

दोघांची नावं देत नाही. दोघंही अजून इथेच गातात-वाजवतात, आणि जिल्हा लहान आहे. कागद तपासायला आणि मधे बसायला मला दोघांनी मिळून बोलावलं होतं, म्हणून दोन्ही बाजूंचं सगळं ऐकायला मिळालं.

आधी गिटारवाल्याची वाटचाल सांगतो, कारण वादाचं मूळ तिच्यात आहे. वेंगुर्ल्याकडचा मुलगा, घरची हापूसची बाग. गिटार शिकला तो चर्चच्या क्वायरमध्ये वाजवणाऱ्या शेजारच्या काकांकडे. दहावीनंतर ऑर्केस्ट्रात शिरला: गणपती, जत्रा, हळदीचे कार्यक्रम. ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याचं काम हुबेहूब नकलेचं. मूळ रेकॉर्डमध्ये जो तुकडा आहे तो तसाच्या तसा यायला हवा, नाहीतर पहिल्या रांगेतून आवाज येतो. तिथे त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. गायकाने तोंड उघडायच्या आधीच लोक शिट्ट्या मारतात. गाणं ओळखलं जातं ते सुरुवातीच्या तुकड्यावरून.

मग मुंबई. कॉलेजच्या रॉक स्पर्धा, दोन बँड, पबमधले कार्यक्रम, आणि पोटासाठी स्टुडिओतल्या शिफ्टा. शिफ्टेचा हिशेब सरळ असतो. जायचं, हेडफोनवर गाणं ऐकायचं, सांगतील ते वाजवायचं, पैसे घ्यायचे, व्हाउचरवर सही करायची, निघायचं. असं त्याने पुष्कळ गाण्यांत वाजवलं आणि त्यातल्या एकावरही हक्क सांगितला नाही. याबद्दल तो आजही ठाम आहे: "थंय मी वाजवूक गेल्लंय. केल्ला काय नाय." २०२०च्या टाळेबंदीत गावी आला आणि राहिला.

किनाऱ्यावर गिटार सांभाळणं हा वेगळाच व्याप आहे. गिटारच्या लाकडाला हवेतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के मानवते, आणि जुलैत आपल्याकडे ती ८०च्या खाली क्वचितच उतरते. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात. पावसात लाकूड फुगतं, मान वाकते, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात आणि बोटं रडकुंडीला येतात. मग मानेतल्या सळईचा पेच फिरवत बसा. हा मनुष्य पावसाळ्यात लाकडी गिटार कपाटात बल्ब लावून ठेवतो आणि इलेक्ट्रिकवर काम करतो. वीज गेली की तेही बंद. तेव्हा फोनवर जमेल तेवढं रेकॉर्ड करून पाठवतो. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे वादातलं गाणं पावसाळ्यात झालं. गायक कणकवलीकडचा, रस्ता बेभरवशाचा, भेटी कमी. त्यामुळे गाण्याचा जवळजवळ प्रत्येक टप्पा व्हॉट्सअपच्या व्हॉइस नोटमध्ये तारखेसकट शिल्लक राहिला. समोरासमोर बसून केलं असतं तर आज माझ्यापुढे दोन माणसांच्या दोन आठवणी असत्या, बस्स.

त्या व्हॉइस नोट मी क्रमाने ऐकल्या. पहिली गायकाची. पेटीवर पांढरी दोन धरून (म्हणजे षड्ज 'डी'वर) चार ओळी गायल्यात, दादऱ्याच्या, म्हणजे सहा मात्रांच्या अंगाने, भजनी वळणाची चाल, पाच सुरांत फिरणारी. शब्द जवळजवळ पूर्ण. चांगली चाल आहे, पण तोवर अशा शंभर चाली असतात. दुसरी गिटारवाल्याची. त्याने सहावी तार 'ई'वरून 'डी'पर्यंत सैल केली आहे, म्हणजे गायकाचा षड्ज खालून सतत घुमत राहतो. दादरा सोडून आठ मात्रांचा केरवा धरला आहे, आणि वर नऊ सुरांचा एक तुकडा बसवला आहे जो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर न येता समेच्या किंचित आधी येऊन आदळतो. गायकाचं उत्तर लेखी आहे: "ह्याच ठेव. ह्याच्यार मी परत गातंय." पुढच्या नोटमध्ये तो खरोखरच केरव्यात गातो, आणि त्याच्या ओळीचं शेवटचं अक्षर त्या तुकड्याला जागा देण्यासाठी आखडलेलं ऐकू येतं.

वादाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची नोट त्यानंतरची. गिटारवाला स्वतः "ना ना ना" करत मधला भाग गातोय. तोवर चालीत गंधार कोमल होता, इथे तो शुद्ध होतो, डी मायनरचं डी मेजर होतं आणि सगळं गाणं अचानक उजळतं. या "ना ना ना"वर गायकाने दोन दिवसांनी शब्द लिहून पाठवले. प्रसिद्ध झालेल्या गाण्यात तो भाग सूर न सूर तसाच आहे. लोक कार्यक्रमात हात वर करून म्हणतात तो हाच भाग.

रेकॉर्डिंग झाल्यावर गायकाने सर्व वादकांना यूपीआयने पैसे दिले. गिटारवाल्याच्या नोंदीत शेरा एकच: "गिटार". लेखी करार कोणाशीच नाही.

वाद पेटला तेव्हा गिटारवाल्याचं म्हणणं असं होतं: "गाणा तुझा, ह्यात वाद नाय. पण मधलो भाग खयसून इलो, ता सांग." गायक म्हणाला, "अरे, तू वाजवलंस, तेचे पैशे दिलंय मी. पेटीवाल्याचा नाव कोण संगीतकार म्हणान लिवता?"

गायकाला लबाड समजण्याची घाई करू नये. तो ज्या परंपरेत वाढला तिच्यात हे उत्तर अगदी स्वाभाविक आहे. त्याचे वडील भजनी बुवा. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवा गजर बांधतो तेव्हा चाल बहुतेक वेळा कुठल्या तरी गाजलेल्या चित्रपटगीताची असते आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. समोरचा बुवा शब्दांवर पकडतो, पुराणातल्या संदर्भावर पकडतो. चाल कोणाची हा प्रश्न बारीत येतच नाही. जाखडी या कोकणातल्या लोकनृत्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष एकमेकांना सवाल घालतात, तिथेही शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव गुंफलेलं असतं, गुरूचंही असतं. ढोलकीवाल्याचं नसतं. म्हणजे आपल्याकडे गाण्याची मालकी शब्दांत कोरून ठेवायची पक्की रीत आहे, आणि सुरांची मालकी मात्र वाहत्या पाण्यासारखी सोडून दिलेली. अशा ठिकाणी एखादा रॉकवाला येऊन "हे नऊ सूर माझे" म्हणतो तेव्हा ते आगाऊपणाचं वाटतं.

आणि रॉकमध्ये तर उलट आहे. तिथे गिटारचा तुकडा हाच पुष्कळदा गाण्याचा पाया असतो. मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स'चं उदाहरण मी गायकाला दिलं. १९८२ ते १९८७ असा पाच वर्षांचा बँड. जॉनी मार गिटारवर संगीत रचायचा, मॉरिसी त्यावर शब्द आणि गायची चाल बसवायचा, आणि गाण्यांवर पहिल्यापासून दोघांची नावं. बँड फुटला तेव्हा मार पंचविशीच्याही आत होता. पुढे तो 'द द' या बँडमध्ये गेला, बर्नार्ड समनरबरोबर 'इलेक्ट्रॉनिक' काढला, २००६मध्ये 'मॉडेस्ट माउस' या अमेरिकन बँडमध्ये शिरला, नंतर 'द क्रिब्ज'मध्ये. माणूस बँड बदलत राहिला आणि जाईल तिथे त्याला वादक म्हणून कमी, गाणं रचणारा जोडीदार म्हणून जास्त बोलावलं गेलं. गाण्यांवर नाव नसतं तर हे झालं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच बँडचा ड्रमर माइक जॉइस १९९६मध्ये कोर्टात गेला आणि जिंकला, पण तो हिस्सा वादनाच्या आणि रेकॉर्डच्या कमाईतला होता. गाणी रचल्याचा पैसा मार-मॉरिसीकडेच राहिला. हे दोन खिसे वेगळे आहेत, आणि आमच्या प्रकरणात नेमके तेच एकमेकांत मिसळले होते. यूपीआयने गेलेले पैसे वादनाचे होते. भांडण दुसऱ्या खिशाचं होतं.

दुसरं उदाहरण द्यायला मँचेस्टरपर्यंत जायची गरज नव्हती, आपल्या खाली गोवा आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या बहराच्या काळात वाद्यवृंद बांधणारे कितीतरी जण गोव्याचे होते. शंकर-जयकिशनकडे सॅबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलिपी शिकलेली ही माणसं. संगीतकार चाल गुणगुणायचा आणि हे व्हायोलिनच्या रांगांपासून काउंटर मेलडीपर्यंत (मूळ चालीच्या जोडीने चालणारी दुसरी चाल) सगळं कागदावर उतरवायचे. श्रेयनामावलीत बहुधा "सहाय्यक", नाहीतर तेही नाही. गंमत बघा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची व्याख्याच अशी होती की ती छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांत उतरवलेली असायला हवी. ही अट १९९४च्या दुरुस्तीत गेली. म्हणजे जवळजवळ चार दशकं कायदा लिहिलेल्या संगीताला संगीत म्हणत होता, लिहिणारा गोंयकार होता, आणि नाव तिसऱ्याचं.

आता आजचा कायदा. संगीतकृती म्हणजे फक्त संगीत. त्याबरोबर गायचे शब्द तिच्यात धरले जात नाहीत, ते वेगळी साहित्यकृती. त्यामुळे "गाणं माझं आहे" या वाक्याला कायद्यात फारसा अर्थ नाही. शब्दांचा मालक कोण आणि सुरांचा कोण हे दोन स्वतंत्र प्रश्न. शब्द गायकाचे, त्यावर वाद नव्हताच. सुरांबाबत पाहायचं ते संयुक्त कृतीचं कलम: दोघांच्या सहकार्यातून झालेली आणि ज्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही अशी कृती. याबाबत आपल्याकडे हाताशी धरावा असा एक जुना निकाल आहे, संगीताचा नसला तरी. मौलाना आझादांच्या आत्मकथनाबद्दलचा, दिल्ली उच्च न्यायालयाचा, १९८०च्या दशकाच्या अखेरचा. आझाद उर्दूत सांगत, हुमायून कबीर इंग्रजीत लिहीत आणि मसुदा पुन्हा आझादांपुढे जाई. न्यायालयाने सकृतदर्शनी दोघांना संयुक्त लेखक मानलं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने घडवायचं, पुन्हा पहिल्याने तपासायचं. आमच्या व्हॉइस नोटची ये-जा याच जातीची होती.

गिटारच्या एखाद्या तुकड्याने माणूस सहरचनाकार होतो का, यावर इंग्लंडमध्ये परस्परविरोधी वाटणारे निकाल आहेत. 'प्रोकॉल हॅरम'चं १९६७चं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' घ्या. त्यातला ऑर्गनचा तुकडा मॅथ्यू फिशरचा. गाण्यावर नाव नाही. तो थेट २००५मध्ये कोर्टात गेला, २००६मध्ये त्याला संगीतातला ४० टक्के हिस्सा मिळाला, अपिलात उशिराच्या मुद्द्यावर पैसे गेले, आणि २००९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, ते परत दिले. अडतीस वर्षांचा उशीरही आड आला नाही; फक्त दावा लावण्याआधीची कमाई मिळाली नाही. 'द ब्लूबेल्स'च्या 'यंग अ‍ॅट हार्ट'मध्ये व्हायोलिन वाजवणारा बॉबी व्हॅलेंटिनो तर मानधनावर बोलावलेला सेशनवाला होता. तोही जिंकला, कारण व्हायोलिनची ओळ त्याने स्वतः रचली होती. याउलट १९९९मध्ये 'स्पँडाउ बॅले'चे तिघे हरले. तिथे गिटारवाला गॅरी केंप गाणी शब्द, चाल, कॉर्ड अशी पूर्ण बांधूनच बँडपुढे आणत असे. बाकीच्यांनी त्यात जे घातलं, अगदी सॅक्सोफोनचा सोलोसुद्धा, ते न्यायमूर्तींनी वादन मानलं, रचना नाही.

तीनही निकाल एकत्र ठेवून मी गाण्याचे तुकडे केले. कॉर्ड: गायकाच्या चालीखाली गिटारवाल्याने घातलेले बहुतेक कॉर्ड कोणताही जाणता वादक घालेल असेच होते. त्यावर मी त्याला काही द्यायला तयार नव्हतो. तो रुसला. शेवटचा सोलो: रॉकवाल्यांना सोलोचं फार प्रेम असतं, पण हा सोलो काढला तरी गाणं तेच राहतं, कार्यक्रमात तो स्वतःही दरवेळी वेगळा वाजवतो. ते वादन. उरला सुरुवातीचा तुकडा आणि मधला भाग. मधल्या भागाबद्दल शंकाच नव्हती, तिथे सूर एकाचे आणि शब्द दुसऱ्याचे. सुरुवातीच्या तुकड्यावर मात्र गायक अडून बसला: तो इंट्रो आहे, सजावट आहे.

हा पेच बेंजो पार्टीने सोडवला. गणपती आणताना मालवणात एका पथकाने हे गाणं वाजवलं होतं, त्याचा व्हिडिओ गायकानेच मोठ्या कौतुकाने आपल्या पानावर टाकलेला. बेंजोवर शब्द नसतात. गायक नाही, गिटार नाही. म्हणजे कायदा ज्याला निव्वळ संगीतकृती म्हणतो तीच रस्त्यावरून चालली होती. आणि पथकाने सुरुवात कुठून केली? त्या नऊ सुरांपासून. दर कडव्यानंतर पुन्हा तेच. गायकाच्या चार ओळींची चाल दोनदा, तुकडा मात्र सारखा. मी व्हिडिओ लावला आणि काही बोललो नाही. गायक शेवटपर्यंत बघत राहिला, मग म्हणाला, "ह्या बरोबर पकडलंस."

तिथून पुढचं काम कागदाचं होतं. गायकाने अजून सही केली नव्हती, हे नशीब. संयुक्त कृतीचे सगळे हक्क एका भागीदाराने दुसऱ्याच्या संमतीशिवाय परस्पर देऊन टाकले असते तर कंपनी, गायक आणि गिटारवाला असा तिहेरी गुंता झाला असता. दोघांनी आपसात एक पानी कबुली लिहिली. शब्द संपूर्ण गायकाचे. संगीत निम्मं निम्मं. श्रेयनामावलीत संगीत म्हणून दोन नावं, गिटार म्हणून वेगळं नाव. निम्मं का, ४० टक्के का नाही, यावर गायक थोडा घासाघीस करू पाहत होता. मी म्हटलं, फिशरला ४० मिळाले ते एका तुकड्यावर, इथे मधला भागही आहे. शिवाय शब्दांचा पूर्ण वाटा तुझाच आहे, तेव्हा एकूण बेरजेत तू पुढेच राहतोस.

कंपनीच्या मसुद्यात एक कलम होतं की ठरावीक रक्कम घेऊन रचनाकार पुढच्या सर्व रॉयल्टीवर पाणी सोडतो. असं कलम २०१२च्या दुरुस्तीपासून टिकतच नाही. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून गाण्याचा इतर कुठलाही वापर झाला की गीतकार-संगीतकाराला हक्क घेणाऱ्याइतकाच वाटा मिळायला हवा, आणि हा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणालाही देऊन टाकता येत नाही. दिला तरी तो करार निरर्थक. दाखवल्यावर त्यांनी ते मुकाट्याने काढलं, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. हक्कांची मुदत आणि प्रदेश लिहायला लावला. न लिहिल्यास कायदा ५ वर्षं आणि भारतापुरताच धरतो, जे खरं तर आमच्याच फायद्याचं होतं. पण चित्रपटवाल्यांना जास्त हवं होतं आणि त्याचा मोबदला त्यांनी दिला. दोघंही आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचे सदस्य झाले, गाणं नव्या वाट्यानुसार नोंदवलं.

व्हॉइस नोटबद्दल एक सूचना मी गिटारवाल्याला केली आणि ती सगळ्यांनाच उपयोगी आहे. प्रकरण कोर्टात गेलं असतं तर फोनमधला आवाज पुरावा म्हणून दाखल करायला प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली, आधी जुन्या कायद्याच्या ६५ब खाली. मूळ फोन जपून ठेवलेला बरा. त्याचा फोन तोवर पावसात एकदा भिजून दुरुस्त झालेला होता.

सगळं मिटलं असं मात्र नाही. या गाण्याआधी दोघांनी मिळून केलेली चार गाणी आहेत, तीही गायकाच्या एकट्याच्या नावावर. ती हिवाळ्यात झाली, गिटारवाल्याच्या पडवीत बसून, एकही नोट शिल्लक नाही. त्यांतल्या दोन गाण्यांवर आपला हात किती याबद्दल दोघांच्या आठवणी पूर्ण वेगळ्या आहेत, आणि ती दोन गाणी ऐकून मलाही ठरवता आलं नाही. ती तशीच ठेवली आहेत. नवं काही करताना मात्र आता आधी कागद होतो: शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती, तारीख, सह्या.

आणि कबुलीवर सह्या झाल्या त्याच बैठकीत ड्रमवाला, जो इतका वेळ चहा पीत गप्प होता, म्हणाला, "मगे माझा काय?" दादऱ्याचा केरवा करायची कल्पना मुळात त्याची, असं त्याचं म्हणणं. व्हॉइस नोटमध्ये त्याचा आवाज कुठेच नाही. मी त्याला सांगितलं की ताल बदलणं एवढ्यावर रचनेतला वाटा मिळणं कठीण, पण २०१२पासून वादक म्हणून त्याचाही रॉयल्टीचा हक्क आहे आणि ते वादनाच्या खिशातलं आहे. त्याचं समाधान झालं नाही. पुढच्या रविवारी तो गिटारवाल्याला घेऊन पुन्हा येणार आहे.